मांस घेताना शिक्का आणि पावती विचारा

मा. संपादक,

पंचाहत्तरीतल्या मास्तराने मांसाच्या खरेदीवर पत्र लिहावं, याचं काही वाचकांना हसू येईल. येऊ दे. पण आमच्या फेस्ताला जे घडलं, त्यात चूक माझी होती. आपल्यातले बरेच जण हीच चूक करत आहेत, म्हणून लिहितो.

माझा पुतण्या तारवटी आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणाऱ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात काम करतो. रजेवर आला तेव्हा म्हणाला, "तितीव, यंदा फेस्ताला रोस आणि शाकुती दुसऱ्या कोणाला करू दे. मी ब्रिस्केट धुरावर शिजवतो." ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या पुढच्या दोन पायांमधली छाती. आपल्याकडे ती बहुतेक सोपात जाते, कारण ती चिवट. जनावराचा भार याच भागावर पडतो, त्यामुळे त्यात बांधणारे तंतू भरपूर. तेच मांस लाकडाच्या धुरात ११०-१२० अंशांवर दहा-बारा तास ठेवलं आणि आतली उष्णता ९० अंशांच्या वर गेली, की ते तंतू विरघळतात आणि मांस सुरीखाली लोण्यासारखं कापलं जातं. टेक्सासमध्ये ही रीत जर्मन आणि चेक वसाहतवाल्या खाटकांनी रुजवली. म्हणजे मुळात हे श्रीमंतांचं खाणं नव्हतं. आपल्या आज्याही मास मिठात मुरवून दगडाखाली दाबून ठेवत आणि चुलीवर चोरीस टांगत. धूर आणि धीर आपल्यालाही नवीन नाहीत.

पुतण्याने जुन्या लोखंडी पिंपाची भट्टी केली, आंब्याची आणि काजूची सुकी लाकडं जमवली. मांस आणायचं काम माझ्याकडे. त्या आठवड्यात माल आला नाही म्हणून बाजारातली दुकानं बंद. अशा वेळी स्कूटरवरून एक जण दाराशी आला. निळ्या पिशवीत चार किलो, दुकानाच्या निम्म्या भावात. शिक्का नाही, पावती नाही. कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "बरं आसा मास्तर, घे." मी घेतलं.

अकरा तास लाकडं घातली. पाहुणे अंगणात बसले होते. पहिला काप निघाला तो सुंभासारखा, आणि कडेच्या भागाला वास. पुतण्याने काही न बोलता सगळं खड्ड्यात पुरलं. पाहुण्यांनी सान्नां आणि सोरपोतेलावर जेवण उरकलं. बायको रात्री एवढंच म्हणाली, "पोरांना इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत, आणि पावती मागायला लाजलात?"

दुकान उघडल्यावर मी खाटकाकडे गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. झालेलं सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, "सर, आम्ही जनावराचे कागद करतो, रस्त्यावर चार वेळा अडवून घेतो, उसगावला डॉक्टरची तपासणी करून घेतो. आणि गिऱ्हाईक मात्र दाराशी अंधारात घेतं. मग आम्ही कोणासाठी हे सगळं करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. गोव्यात गाईच्या कत्तलीवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. बैल आणि म्हैसवर्गीय जनावरं प्रमाणपत्र घेऊन कापता येतात. त्यासाठी उसगावचं सरकारी मांस प्रकल्प आहे. शेजारच्या महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचीही बंदी आली. कर्नाटकात २०२१ पासून गाय, बैल, वासरू सगळ्यांची बंदी, फक्त तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांना सूट. आपलं ताट वर्षानुवर्षं बेळगावच्या बाजूने येणाऱ्या मालावर अवलंबून होतं, म्हणून तुटवडा होतो, भाव चढतो आणि स्कूटरवाले फिरू लागतात. कायदा आवडो न आवडो, जिथे परवानगी आहे तिथे कागदाशिवाय मांस घेणं म्हणजे आपलीच बाजू कमकुवत करणं. उद्या कोणी बोट दाखवलं, तर आपल्याकडे पावती असली पाहिजे.

आता चांगलं मांस कसं ओळखावं, हे त्या विद्यार्थ्याने मला शिकवलं ते सांगतो. आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवा: छातीचा अख्खा भाग हवा, तुकडे नकोत, वरची चरबी काढायची नाही. आपल्याकडची जनावरं लहान, म्हणून टेक्साससारखा सहा-सात किलोचा तुकडा मागू नका, तीन किलो मिळाला तरी पुष्कळ. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी चरबी असावी, ती वितळूनच मांस ओलं राहतं. म्हशीची चरबी पांढरी असते, बैलाची पिवळसर, त्यामुळे काय घेतोय ते कळतं. तुकडा मधोमध हातावर धरला तर दोन्ही बाजूंनी लवला पाहिजे, काठीसारखा ताठ राहिला तर शिजतानाही त्रास देणार. हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर परत करा, लाजू नका. आणि शिक्का पाहा. शिक्का असलेली बाजू खाटीक आनंदाने दाखवतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकी श्रावण पाळतात, चतुर्थीला आमच्याकडे नेवऱ्या पाठवतात, नाताळात आमचा दोदोल खातात. धूर भिंत पाहून थांबत नाही. म्हणून मी पुतण्याला सांगितलं, चतुर्थीच्या दिवसांत भट्टी पेटणार नाही, आणि एरवीही आधी काकींना सांगायचं. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या घरी तुम्ही काय खावं हे मी कोण सांगणार? कपडे वाळत घातलेले नाहीत ना, एवढं बघा." आपलं खाणं लपवायचं कारण नाही, आणि मिरवायचंही कारण नाही.

नाताळाच्या आधी दुसऱ्यांदा केलं. शिक्क्याचं मांस, साडेतीन किलो, नुसतं मीठ आणि मिरी. रात्री दोनला पेटवलं, दुपारी काढलं, कापडात गुंडाळून तासभर ठेवलं, मग रेषेच्या आडवं कापलं. पहिला काप मी डब्यात घालून खाटकाच्या दुकानात नेला. त्याने तो तिथेच उभ्याने खाल्ला.

माझी दोनच मागणी आहे. पंचायतींनी आणि पालिकांनी मांसाच्या दुकानांना पाणी, जाळी आणि थंड पेटी असलेली नीट जागा द्यावी, आणि उसगावचं काम वर्षभर नियमित चालावं. आणि आपण, फेस्त असो की रविवार, दोन पैसे जास्त मोजून पावती मागावी. माल नसेल त्या दिवशी मासळी खावी, गोव्यात तिला तोटा नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा