घोडीवरची गोचीड गोठ्यातून येते

गोठा-तबेला : साप्ताहिक स्तंभ

तुळशीची लग्नं लागली की नागपुरात घोडीला मागणी सुरू होते. वरात, बँड, फटाके, तापलेला डांबरी रस्ता, आणि मध्यरात्री तबेल्यात परतणं. मधले काही दिवस सोडले तर हा हंगाम थेट जूनपर्यंत चालतो आणि घोडी पाळणाऱ्या घराचं वर्षभराचं गणित त्यावरच असतं. याच दिवसांत एखादी धडधाकट घोडी एकाएकी चंदी सोडते, मान खाली टाकून उभी राहते, अंगाला हात लावला तर चटका बसतो. मालक म्हणतो, दमली असेल. पुष्कळदा तो दम नसतो. पावसाळ्यात गोचिडीने तिच्या रक्तात सोडलेला रोग कामाच्या ताणाने वर आलेला असतो.

गाई-म्हशींचा गोचिडताप आपल्या गोपालकांना माहीत आहे. घोड्यालाही तो होतो, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. घोड्याच्या या आजाराला पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात. तो करणारे मुख्य परजीवी दोन, थायलेरिया इक्वी आणि बॅबेसिया कॅबाली. दोन्ही गोचिडीच्या लाळेतून घोड्याच्या शरीरात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो. हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली त्वचा आधी फिकी पडते, मग पिवळी. पाय सुजतात, पोट दुखतं, लघवी लालसर-काळपट होते. गाभण घोडी गाभडू शकते. या रोगावर लस नाही.

यातली सर्वांत अवघड गोष्ट अशी की घोडी बरी दिसू लागली तरी रोग गेला असं धरता येत नाही. थायलेरिया इक्वी एकदा रक्तात बसला की बहुतेक वेळा तो आयुष्यभर राहतो. घोडी खाते-पिते, चालते, वरातीत नाचतेही. मात्र तिच्या अंगावर चढलेली गोचीड तिथून निघून दुसऱ्या घोड्याला चावली की रोगही सोबत जातो. लांबचा प्रवास, रोजची वरात, अपुरा चारा अशा ताणात तिचा स्वतःचा आजारही पुन्हा उसळतो. म्हणून अंगावर गोचीड दिसत नाही, सबब घोडी निरोगी, हा हिशोब धोक्याचा आहे.

मग गोचीड येते कुठून? घोडीवरच ती जन्मते असं समजून बहुतेक उपाय तिच्या अंगावर होतात आणि तिथेच चूक होते. आपल्याकडे घोड्यांवर सापडणाऱ्या प्रमुख गोचिडी गाई-म्हशींवरही वाढतात. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत, विटांच्या फटीत, शेणाच्या ढिगाखाली शिरते आणि हजारो अंडी घालते. हायलोमा जातीची गोचीड तर भेगांत दडून राहण्यात पटाईत. बॅबेसिया कॅबाली मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो. म्हणजे घोडीच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी तिच्या आजूबाजूला असतात आणि फवारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

नागपूरच्याच कळमन्याचं उदाहरण घ्या. मिरची, धान्य आणि संत्र्याच्या बाजारामुळे हे नाव विदर्भभर ठाऊक आहे. बाजार समितीचं मोठं यार्ड, रेल्वे स्टेशन, दूरदूरच्या तालुक्यांतून येणारे ट्रक, आणि शहराने गिळलेलं जुनं गाव, हे सगळं इथे एकमेकांना खेटून आहे. शहराच्या अशा कडेला जनावरं वेगवेगळी राहत नाहीत. गोठ्याला लागून तबेला असतो, कुटार एकाच ढिगातून येतं, मोकळ्या जागेत गाय, बकरी आणि घोडी एकत्र चरतात. एका मालकाने आपली घोडी कितीही धुतली तरी शेजारचा गोठा तसाच राहिला तर पंधरवड्यात ती पुन्हा भरते. तबेला, शेजारचा गोठा आणि चराईची जागा यांचा उपाय एकाच वेळी झाला तरच गोचीड हटते, आणि ते एकट्या घोडेवाल्याच्या हातात नाही.

त्याच्या हातात जे आहे ते मात्र त्याने रोज करावं. खरारा करताना कानाच्या आत, आयाळीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांच्या आत, कासेजवळ आणि शेपटीच्या बुंध्याखाली बोटं फिरवावीत. वरातीची झूल नेमकी यातल्या काही जागा झाकते, म्हणून झूल उतरली की तपासणी झालीच पाहिजे. एकीची झूल दुसरीवर घालण्याआधी ती कडक उन्हात वाळवावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. बिडीने चटका देऊ नये, रॉकेल चोळू नये, बोटांनी तर मुळीच चिरडू नये. हायलोमा गोचिडी काँगो ताप या माणसाच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू वाहतात. 2011 च्या जानेवारीत तो गुजरातेत आढळला आणि निदान आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलं. तबेल्याच्या भेगा बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा, शेणाचा ढीग लांब ठेवावा. फवारणी एकदा करून थांबू नये, कारण अंडी तिने मरत नाहीत.

औषधाच्या दुकानाबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. गाई-म्हशींच्या गोचिडीवर अमिट्राझ सर्रास वापरलं जातं. घोड्याला ते वापरू नये. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात खाद्य तुंबतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही. अशा पोटशुळाने धडधाकट जनावर दगावू शकतं. बाटलीवर जनावराचं चित्र आहे, शेजाऱ्याच्या म्हशीला गुण आला, एवढ्यावर ती घोडीवर ओतली जाते. दुकानदाराने विचारायचं एकच वाक्य आहे, ‘कोणत्या जनावरासाठी?’ आणि उत्तर घोडी आलं तर अमिट्राझ द्यायचं नाही. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं घोड्यावर चालतात, पण प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. अंदाजाने पातळ केलेलं औषध गोचिडीला मारत नाही, उलट औषधाला दाद न देणाऱ्या गोचिडी मागे ठेवतं.

सुईचंही तसंच. हा रोग रक्तातून पसरतो, त्यामुळे एकाच सुईने दोन घोड्यांना टोचलं तर गोचिडीची गरजच उरत नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग सापडला तेव्हा तो पसरण्याचं कारण दूषित सुया निघालं. हंगामात ताकदीची इंजेक्शनं म्हणून तबेल्यांतून जे टोचलं जातं, त्यात प्रत्येक जनावराला नवी सुई असते का, हे प्रत्येक मालकाने स्वतः पाहावं. रोगावरचं इमिडोकार्बसुद्धा घरी टोचण्याचं औषध नाही. चुकीच्या मात्रेने पोटदुखी होते आणि गाढवांना तर त्याचा त्रास अधिक होतो.

आता सरकारबद्दल. या देशाला घोड्याचं आरोग्य सांभाळता येत नाही असं नाही. 1889 मध्ये पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिथे आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रा या रक्तरोगाचा अभ्यास केला. तेव्हा घोडा राज्यकर्त्यांच्या फौजेला हवा होता. हिसारला आज घोड्यांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. 2025 च्या जुलैमध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या घोड्यांच्या विभागाला जागतिक पशु आरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली. ज्या पाच रोगांसाठी ती मिळाली त्यांत पायरोप्लाझ्मोसिसही आहे. स्पर्धेचे घोडे परदेशी नेता यावेत म्हणून ती मेहनत घेतली गेली, आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. जे मेरठमध्ये शिस्तीने साधलं त्याचा एक लहान भाग कळमन्यात का साधू नये? लग्नाची घोडी कोणाच्या फौजेत नाही, स्पर्धेतही नाही. ती एका कुटुंबाचं पोट भरते, आणि नेमकी म्हणूनच तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू 3.4 लाखांवर आले, 2012 च्या तुलनेत सुमारे 45 टक्के कमी. संख्या घटली म्हणून दुर्लक्ष करणं सोपं जातं. खरं तर थोडी जनावरं राहिली असताना प्रत्येकापर्यंत पोचणं जास्त शक्य आहे.

नागपूरला तर सबब सांगायलाच जागा नाही. 1958 पासून इथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. सेमिनरी हिल्सवरची प्रयोगशाळा आणि कळमन्याचा तबेला एकाच शहरात आहेत. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्याने गोवंशाला घरोघरी जाऊन मोफत लस टोचली आणि गोठ्यांच्या फवारणीचा आग्रह धरला. यंत्रणेला हे करता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दरवर्षी दिवाळीआधी पूर्व नागपुरात घोड्यांच्या रक्ततपासणीचं मोफत शिबिर व्हावं, महाविद्यालय, पशुसंवर्धन विभाग आणि महापालिका यांनी मिळून. त्याच आठवड्यात त्या वस्तीतल्या तबेल्यांची आणि गोठ्यांची फवारणी एकत्र व्हावी, तीन आठवड्यांनी पुन्हा. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून नवं जनावर घेऊन येणाऱ्याला ते जुन्या घोड्यांत मिसळण्याआधी रक्त तपासून मिळावं. प्रत्येक औषध दुकानात अमिट्राझच्या कप्प्यावर ‘घोड्यासाठी नाही’ असं मराठीत आणि हिंदीत ठळक लिहिलेलं असावं. मालकांनीही घोडीने एक वेळची चंदी सोडली की त्या रात्रीची वरात नाकारून 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा, आणि लग्नघराने त्यावर हट्ट धरू नये.

यातलं काहीही खर्चिक नाही आणि कशालाही नवं संशोधन लागत नाही. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी पहिलं शिबिर कळमन्यात लागलं पाहिजे, आणि त्याची तारीख पशुसंवर्धन विभागाने जाहीर केली पाहिजे.