कुंडीतला वड

मराठीच्या प्राध्यापकाला काही शब्द फार स्वस्तात मिळतात. 'बोन्साय' हा त्यांपैकी एक. वर्गात उभे राहून मी तो कितीतरी वर्षे उधळीत आलो. कादंबरीतली नायिका सासरी कोंडली गेली, की ती बोन्साय. होतकरू कवी कचेरीत चिकटला, की तो बोन्साय. मुले हे वाक्य वहीत उतरवून घेत, परीक्षेत ते जसेच्या तसे माझ्याकडे परत पाठवीत, आणि मी खुशीने गुण देई. गंमत एवढीच, की त्या झाडाला मुलांनीही कधी हात लावलेला नव्हता आणि मीही.

2018 च्या फेब्रुवारीत एका उजळणी वर्गासाठी मी पुण्याला गेलो होतो. प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने तिथे 'बोन्साय नमस्ते' नावाचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. सोबतच्या मंडळींनी ओढून नेले म्हणून गेलो. आत शिरताना मनात करुण रस दाटून आला होता. आपण जणू झाडांचे इस्पितळ पाहायला निघालो आहोत, असाच माझा चेहरा असावा. पण आत पाहतो तो हातभर उंचीची झाडे ऐटीत उभी! भरदार बुंधे, तुकतुकीत पाने. उपासमारीने खंगलेल्या जिवावर असा तजेला येत नाही, एवढे ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. वीस वर्षांची माझी उपमा त्या दारातच लंगडी झाली.

त्याच पावसाळ्यात मी गावी गेलो. आमचे गाव रिसोड तालुक्यात. घराच्या मागच्या भिंतीत, दोन विटांच्या फटीत, पाखराच्या कृपेने वडाचे रोप उगवले होते. वडील कोयता घेऊन उभेच होते. "भिंत फोडील ते," म्हणाले. मी म्हटले, "मला द्या." फटीतल्या मातीसकट ते अलगद काढले आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून वाशिमला आणले.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. गुल्म म्हणजे झुडूप. तेव्हा ज्या गावाच्या नावातच झुडूप आहे, तिथे माझा वड झुडपाएवढाच राहणार, हे ओघानेच आले. हा विनोद मी प्राध्यापकांच्या खोलीत करून पाहिला. कोणी हसले नाही. इतिहासाचे प्राध्यापकही नाहीत.

सुरुवातीला चुका झाल्या, त्या नवशिक्याच्या ठरलेल्या चुका. पहिली म्हणजे मी ते झाड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवले. पाहुण्यांना दिसावे, ही त्यामागची खरी इच्छा. पंधरा दिवसांत पाने गळू लागली. वड तो वडच. त्याला ऊन हवे, वारा हवा. त्याची जागा गच्चीवर. पाहुण्यांना पाहायचे असेल, तर त्यांनी जिना चढावा.

दुसरी चूक मातीची. आपली काळी माती कापसाला आई, पण उथळ कुंडीत ती सावत्र आई होते. पावसात पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हात भेगाळून ती तोडते. मग मुरमाचे खडे, विटांचे बारीक तुकडे आणि जुने शेणखत असे मिश्रण केले. तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवला. पाणी घातले, की ते भोकातून खाली आले पाहिजे. वरची माती सुकू लागली, की पुन्हा घालायचे. वाशिमच्या मे महिन्यात ते दिवसातून दोनदा घालावे लागते आणि वरून हिरवी जाळी बांधावी लागते. नळ रोज येत नाही. त्यामुळे झाडाची बादली आधी भरायची की माझ्या आंघोळीची, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

तिसरी चूक तारेची. फांदीला वळण द्यायला अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळतात. मी ती गुंडाळली आणि परीक्षांच्या धांदलीत विसरलो. फांदी जाड झाली आणि तार सालीत रुतली. तो वळ अजून दिसतो. तेव्हापासून तार घातली, की कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो.

शेजारी मात्र धास्तावले. "सर, घरात बोन्साय ठेवू नये. घराची वाढ खुंटते म्हणतात!" म्हणजे माझेच वर्गातले वाक्य जिना चढून माझ्या दारी आले होते. मी त्यांना समजावले, की हे झाड खुंटवलेले नसते, राखलेले असते. दोन वर्षांनी त्याला कुंडीबाहेर काढायचे, वाढलेल्या मुळांपैकी तिसरा हिस्सा छाटायचा आणि नवी माती द्यायची. हे केले नाही, तर मुळे मुळांतच गुरफटून झाड गुदमरते.

मग त्यांना मी एक जपानी गोष्टही सांगितली. हिरोशिमात यामाकी नावाच्या घराण्याकडे कुंडीतला एक पांढरा पाइन होता. 1625 पासून तो जोपासला गेला आहे असे सांगतात. 6 ऑगस्ट 1945 रोजी बॉम्ब पडला, तो या घरापासून सुमारे तीन किलोमीटरवर. अंगणाच्या भिंतीआड झाड वाचले. 1976 साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ते त्या दिवसाचे साक्षीदार आहे, हे तिथल्या लोकांना कळले 2001 साली; यामाकींचे नातू आजोबांचे झाड पाहायला आले तेव्हा! पंचवीस वर्षे ते परक्या मुलखात गप्प उभे होते. ही गोष्ट मी फार रंगवून सांगतो. तिचा माझ्याशी काही संबंध असेल, असे मात्र मला तोवर वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. गेल्या वैशाखात मी आईला वाशिमला घेऊन आलो. एका दुपारी जीप केली, तासाभरात घर आवरले आणि कुलूप लावले. तिने तुळशीकडे पाहिले. जात्याकडे, तव्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आई, ते जुनं काही नको. तिकडे सगळं आहे." आणि खरेच सगळे होते. तिला निराळी खोली दिली, कूलर दिला, पलंगाजवळ घंटी दिली. महिन्याभरात ती निम्मी झाली. बोलणे कमी, जेवण त्याहून कमी. डॉक्टरांनी रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. सौ. म्हणाली, "वय झालं आता." मीही तेच म्हणालो. सोयीचे होते.

मृगाचे दोन पाऊस झाल्यावर मी गच्चीवर वडाची माती बदलायला बसलो. आई खुर्चीवर बसून पाहत होती. कात्री चालली, चीक ओघळला.

"काऊन रे बापू, झाडाचे पाय कापतं का?"

किती दिवसांनी तिने आपण होऊन काही विचारले होते. मी उत्साहाने व्याख्यान सुरू केले. "नाही आई, सगळे नाही कापायचे. जुनी थोडी माती मुळांना राहू द्यायची. सगळी धुऊन टाकली तर झाड धरत नाही. आणि हे भर उन्हाळ्यात करायचं नसतं, पाऊस लागल्यावर करायचं. मग तीन आठवडे सावलीत. खत नाही, काही नाही. नुसतं जपायचं."

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "झाडाचं लय समजते तुले."

टोमणा नव्हता तो. माझी आई टोमणे मारीत नाही. तिने खरोखर कौतुक केले होते. माझ्याच्याने पुढे कात्री चालवेना. भर वैशाखात, एका दुपारी, पंचाहत्तर वर्षांचे झाड मी उपटून आणले होते आणि मुळांना चिमूटभरही जुनी माती राहू दिली नव्हती.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गावी गेलो. "काय न्यायचं ते ने," म्हटले. मला वाटले, पितळेची घंगाळी काढील. तिने घेतला भाकरीचा काळाकुट्ट तवा, एक फाटके सूप आणि तुळस, तिच्या वृंदावनातल्या पाटीभर मातीसकट. निघताना शेजारच्या काकूंशी ती दोन तास बोलत बसली. मी घड्याळ पाहिले नाही. आता महिन्याचे आठ दिवस ती गावी राहते. मी इथे एस.टी.त बसवून देतो, काकू तिकडे उतरवून घेतात. घर उघडे राहते, चूल पेटते.

ती पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. काही मुळे तुटली ती तुटलीच. पण तव्यावरची भाकरी आता ती स्वतः थापते आणि सौ.ची भाकरी जाड होते, हे सांगण्याइतकी शक्ती तिला आली आहे. वडाला सकाळचे पाणीही तीच घालते. आषाढात एकदा खाली येऊन म्हणाली, "फुटला रे." मी वर जाऊन पाहिले. शेंड्यावर तांबूस कोंब टोकदार उभा होता.

परवा उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाने लिहिले होते, 'नायिका म्हणजे कुंडीतले बोन्सायच होय.' माझेच जुने वाक्य. मी समासात लिहिले, 'तिची जुनी माती कोणी आणली होती का?' आणि गुण मात्र पूर्ण दिले. चूक त्याची नव्हती.