हिशेबाची वही : दगड खरा, दावा खोटा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या आई-वडिलांनी घरातले देव्हारे रिकामे केले. गंडा-दोरा, ताईत, अंगारा-धुपारा सगळे गेले. त्यासाठी त्यांनी गावाचा रोष पत्करला. पण पुढच्या दाराने घालवलेली अंधश्रद्धा मागच्या दाराने नवे कपडे घालून येते. आज तिच्या तोंडी इंग्रजी आहे आणि हातात खडा आहे. तिला 'क्रिस्टल हीलिंग' म्हणतात. म्हणजे स्फटिक जवळ बाळगून रोग बरे करणे. महिला मंडळाच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतो. कुणी साखरेच्या आजारासाठी खडा घेतलेला असतो, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. तेव्हा आज अशा एका खड्याचा जमा-खर्च मांडू. या खड्याचे नाव ब्रुकाइट.

आधी जमेची बाजू. ब्रुकाइट हे खरोखरच दुर्मिळ खनिज आहे. रंगाने तपकिरी, लालसर किंवा काळे, बहुधा पातळ चपट्या पापुद्र्यासारखे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात स्नोडन डोंगराच्या परिसरात ते सापडले आणि १८२५ साली लेव्ही नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. हे नाव हेन्री जेम्स ब्रुक यांच्यावरून आले. हे ब्रुक लोकरीच्या धंद्यातले गृहस्थ. धंदा सांभाळून फावल्या वेळात त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला, त्यावर पुस्तक लिहिले. दगड हातात घेऊन त्याचे कोन मोजणारा हा माणूस. त्याच्या नावाचा खडा आज न मोजता, न तपासता विकला जातो.

हे खनिज कशाचे बनले आहे? टायटॅनियम या धातूचा एक अणू आणि प्राणवायूचे दोन. बस्स, एवढेच. हा धातू १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला ओढ्याकाठच्या काळ्या वाळूत प्रथम आढळला. चुंबकाला चिकटणारी ती वाळू त्याने घरी नेऊन तपासली. तशीच टायटॅनियमयुक्त काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. केरळात तर ती मोठ्या प्रमाणावर काढली जाते.

आता गंमत पाहा. टायटॅनियम आणि प्राणवायू यांच्या याच संयुगाची निसर्गात आणखी दोन प्रसिद्ध रूपे आहेत, रूटाइल आणि अनाटेज. तिघांत पदार्थ तोच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. विटा त्याच असाव्यात आणि कुणी त्या आडव्या रचाव्यात, कुणी उभ्या, तसे. ब्रुकाइट भट्टीत खूप तापवले की त्याचे रूटाइल होते. आणि हाच पदार्थ पांढऱ्या भुकटीच्या रूपात कारखान्यात तयार होतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला झाकण्याची ताकद त्यामुळे येते. कागदात तो असतो, टूथपेस्टमध्ये असतो, औषधाच्या कित्येक गोळ्यांच्या पांढऱ्या लेपातही असतो.

आता दाव्याची बाजू. विकणारे सांगतात की ब्रुकाइटची कंपने उच्च दर्जाची आहेत, ते तिसरा डोळा उघडते, डोक्यावरचे चक्र जागे करते, मनातली जुनी दुखणी बाहेर काढते. बलुचिस्तानातल्या खारान भागात गारगोटीसोबत वाढलेले ब्रुकाइट मिळते. त्याचा महिमा तर आणखी मोठा सांगतात.

आपण साधा प्रश्न विचारू. या पदार्थात रोग बरे करण्याची शक्ती असती, तर आपल्या वस्तीतले रंगारी बांधव कधी आजारी पडले नसते. आयुष्यभर तोच पदार्थ त्यांच्या हातावर, कपड्यावर, केसांत असतो. त्यांचा कुठला डोळा उघडला? उलट संध्याकाळी पाठ धरते आणि खोकला येतो.

यावर उत्तर मिळते, 'मांडणी वेगळी म्हणून कंपने वेगळी.' कंपने कुठल्या वस्तूत नाहीत? अणू विटेतही हलतात आणि पाट्यावरवंट्यातही. मग घड्याळाचे उदाहरण देतात. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हे अगदी खरे. पण त्यासाठी आत सेल लागतो. सेल संपला की घड्याळ बंद. आणि ते घड्याळ मनगटावर बांधल्याने कुणाचा संधिवात गेल्याचे ऐकिवात नाही.

तपासणीही झालेली आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली आपला प्रयोग जाहीर केला. ८० माणसांच्या हातात स्फटिक देऊन ध्यान करायला लावले. काहींना खरा क्वार्ट्झ दिला, काहींना नकली. हाताला मुंग्या, ऊब, प्रसन्नता हे अनुभव दोन्हीकडे सारखेच आले. काय जाणवेल हे ज्यांना आधीच सांगून ठेवले होते, त्यांना ते जास्त जाणवले. म्हणजे गुण खड्याचा नव्हता, कानात सांगितलेल्या गोष्टीचा होता.

आता खर्चाची बाजू, आणि ती फक्त पैशाची नाही. खड्याच्या भरवशावर क्षयाची गोळी मध्येच सोडली, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साखरेची गोळी बंद केली तर डोळे, मूत्रपिंड, पाय धोक्यात येतात. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मुलीची शाळा सुटते. खड्याच्या पावतीवर हा खर्च लिहिलेला नसतो.

दुसरा खर्च कुणी बघतच नाही. याच दुकानांत अकीकाचे गुळगुळीत खडेही 'आरोग्यासाठी' विकतात. ते घासण्याचे काम गुजरातेत खंभातला चालते. त्या धुळीने कारागिरांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. या रोगावर उपाय नाही आणि त्याच्या जोडीला क्षयही लवकर धरतो. घासणाऱ्या मजुराला ज्या दगडाने मारले, तो विकत घेणाऱ्याला तारील कसा?

काही दुकानांत खड्यांच्या मधोमध तथागतांची मूर्ती मांडलेली असते. ती पाहून आपल्या भगिनींना वाटते, हे आपलेच. हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात पोटासाठी केल्या जाणाऱ्या हीन विद्यांची मोठी यादी आहे. त्यात मण्यांची लक्षणे पाहून शुभाशुभ सांगण्याचाही समावेश आहे. तथागत अशा विद्यांपासून दूर राहिले. आपण ज्यांना शरण जातो ती रत्ने तीनच, बुद्ध, धम्म आणि संघ. ती दुकानात मिळत नाहीत आणि बोटातही घालता येत नाहीत.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांसारख्या वस्तूंनी मधुमेह, क्षय, कर्करोग, रक्तदाब बरा होतो अशी जाहिरात करण्यास बंदी आहे. असे पत्रक हाती आले तर फाडू नका. जपून ठेवा, तारीख घाला, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा आणि अर्जाची पोच घ्या.

ज्या घरात असा खडा आला आहे त्या घरातल्या माणसाला हसू नका. दुखण्याने गांजलेला माणूस आधार शोधतो. त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि खडा फेकायचीही गरज नाही. मुलांना दाखवा, तो कशाचा, कुठला, कसा बनला ते सांगा. पैसे गेले ते गेले, निदान मुलांचा विज्ञानाचा एक धडा तरी जमेच्या बाजूला पडेल.

नमो बुद्धाय! जयभीम!