मातृवियोग आणि कवी टिळक

दुःखावाचून प्रतिभेला धार चढत नाही, असे विधान वाङ्मयचर्चेत वारंवार ऐकू येते. ते जितके लोकप्रिय, तितकेच अपुरे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली टिळकांचा जन्म झाला. वडील शीघ्रकोपी, मुलाला मायेचा आधार तो आईचाच. ती बालवयातच निवर्तली. पुढे 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत त्यांनी रंगविलेली घायाळ पक्षिणी मरतानाही पिलांचीच चिंता वाहते. ख्रिस्तालाही ते माउली म्हणूनच आळवितात. विठ्ठलाला आई मानणाऱ्या संतांचा हा वारसा खराच. परंतु पोरक्या मुलाच्या मुखी त्या हाकेला वेगळीच आर्तता येते.

इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांची गोष्ट अशीच आहे. १९०८ साली, त्यांच्या वयाच्या नवव्या वर्षी, त्यांची आई कर्करोगाने गेली. त्यांच्या 'नार्निया' मालेतील १९५५ सालच्या कादंबरीत एक मुलगा अद्भुत देशातून आणलेल्या फळाने आपल्या आजारी आईला वाचवितो. जे जीवनात घडले नाही, ते लेखकाने कल्पनेत घडविले.

तथापि, केवळ वियोगाने कवी घडतो असे मानणे म्हणजे दुःखाचे उदात्तीकरण होय. आई गमावलेली मुले असंख्य. त्यांतील कवी किती होतात? टिळकांना नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू लाभले, संस्कृत काव्याचे दालन उघडले, म्हणूनच त्या वेदनेला वाणी मिळाली. शिवाय दुःखाची किंमत इतरांनाही मोजावी लागते. टिळकांची भटकी वृत्ती आणि अचानक घर सोडून जाणे यांची झळ लक्ष्मीबाईंना कशी बसली, हे 'स्मृतिचित्रे'त नमूद आहे. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पत्नी व लहानगा दत्तू यांची त्यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. निर्णय श्रद्धेचा होता. परंतु घर पुन्हा एकदा मोडले, हेही तितकेच सत्य.

या चरित्राचे खरे मोल पुढेच दिसते. पुनर्मीलनानंतर या दाम्पत्याने कित्येक अनाथ मुलांना घरात आसरा दिला. बालकवी ठोंबरे यांनाही त्या घराची माया लाभली. जे स्वतःला मिळाले नाही ते दुसऱ्यास देणे, हा वियोगाचा सर्वांत सुंदर उपयोग होय.

आजही प्रत्येक वर्गात आईविना वाढणारा एखादा विद्यार्थी असतो. तो अबोल असतो, कधी हूडही असतो. हजेरीपटावर त्याच्या दुःखासाठी रकाना नसतो. त्याच्यातून कवी घडेल की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याला लेलेशास्त्री भेटतील की नाही, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर दैवाच्या नव्हे, शिक्षकाच्या हाती आहे.