घडाला पेपर आणि तोंडाला वारा

निफाडचा पारा घसरला की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो आणि आपण तो कौतुकानं पुढे ढकलतो. दुसरं म्हणजे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. धूर करायचा, पहाटे बागेला पाणी द्यायचं, पिंक बेरी नको म्हणून घडाघडाला पेपर लावायचा. मजुरी मोजून, रात्र जागून. करायलाच पाहिजे, वर्षाचं पीक आहे.

पण त्याच पहाटे त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाचं काय? दुधाचे कॅन लावलेला, पिंपळगावच्या मार्केटला निघालेला, सातपूर-अंबडची फर्स्ट शिफ्ट गाठणारा, पेपर टाकणारा पोरगा. त्याच्या तोंडाला काय? एक मफलर. नाहीतर माकडटोपी. नाहीतर खांद्यावरचं उपरणं. घडाची किंमत आपल्याला कळते, माणसाच्या तोंडाची कळत नाही, असं मी म्हटलं तर राग येईल. येऊ द्या.

"थंडी काय, सवय असते" हे वाक्य मी रोज ऐकतो. जरा हिशोब करू. वाऱ्यामुळे उघड्या चेहऱ्याला किती थंडी लागते हे काढायचं एक सूत्र आहे, अमेरिका आणि कॅनडाचं हवामान खातं ते २००१ पासून वापरतं. त्यात पारा ६ अंश आणि वेग ताशी ५० किलोमीटर टाका. उत्तर येतं शून्य. म्हणजे पारा ६ वर असताना गाडीवरचा माणूस तोंडानं शून्य अंश झेलतो, रोज अर्धा-पाऊण तास. डोळ्यांतून पाणी वाहतं, समोरचं अंधुक दिसतं, नाक बधिर होतं, माणूस एका हातानं तोंड झाकत दुसऱ्या हातानं गाडी चालवतो. त्यात समोर धुकं आणि बिनलाइटची उसाची ट्रॉली. याला सवय म्हणायचं?

आता मफलरचं. लोकर विणलेली असते, वारा तिच्या आरपार जातो. उभ्या माणसाला मफलर ऊब देतो, पन्नासच्या स्पीडला नाही. श्वासाच्या वाफेनं तो ओला होतो आणि मग आणखी गार पडतो. त्याचं सुटलेलं टोक चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर काय होतं ते सांगायला नको. आणि जाड मफलर गुंडाळला की वर हेल्मेट बसत नाही, बसलं तर पट्टा लागत नाही. म्हणजे थंडीचे तीन महिने, ऐन धुक्याच्या दिवसांत, हेल्मेट घरी खुंटीला.

चेहऱ्याला ऊब देणारी आणि डोकं वाचवणारी वस्तू एकच आहे. हनुवटीपर्यंत झाकणारं, काचेचं, आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट. आत पातळ कापडाची, डोळ्यांपुरती उघडी टोपी. ती शंभर-दीडशेला रस्त्यावर मिळते, तिच्यावरून हेल्मेट नीट बसतं आणि पट्टाही लागतो. काचेवर वाफ धरते म्हणता? काच बोटभर उघडी ठेवा, हनुवटीजवळची झडप उघडा, वाफ जाते. महाग आहे म्हणता? हजार-बाराशेपासून मिळतं. मोबाइलच्या काचेला आपण कव्हर घालतो, तिथे घासाघीस करत नाही.

पण सगळा दोष चालवणाऱ्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. तरी हायवेच्या कडेला दोनशे रुपयांची वाटी उघड उघड विकली जाते. ती डोक्यासाठी नसतेच, पावती वाचवण्यासाठी असते. तिला ना काच, ना हनुवटी. पोलीस तपासणी करतात ती दिवसा अकराला, सिग्नलवर, उन्हात. वाटी दिसली की "जा". विकणाऱ्याला कोण अडवणार?

आणि गाडी विकणारे? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ (४) (फ) वाचा. दुचाकी विकत घेताना मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट उत्पादकानं पुरवायचं आहे. गेल्या दिवाळीत पुतण्याबरोबर एका शोरूमला गेलो होतो. गाडीच्या बिलात मॅट, क्रॅश गार्ड, सीट कव्हर, सगळं न मागता जोडलेलं. हेल्मेटचं विचारलं तर "काका, ते बाहेर स्वस्त मिळेल." नियमाचा आकडा सांगितल्यावर आतून एक हेल्मेट आलं. म्हणजे होतं! मागितलं म्हणून मिळालं. न मागणाऱ्या शंभरांचं काय?

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत सांगतो.

आरटीओनं नव्या दुचाकीची नोंदणी करताना हेल्मेट दिल्याची सही गाडी घेणाऱ्याला विचारून घ्यावी, शोरूमला विचारून नाही. दंडाची मोहीम आधी वाटी विकणाऱ्यांवर काढावी, मग घालणाऱ्यांवर. आणि ज्यांची माणसं पहाटे गाडीवर कामाला येतात त्या कारखानदारांनी, ठेकेदारांनी, दूध संकलनवाल्यांनी, आणि हो, आम्हा बागायतदारांनीही, दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर एक फुल फेस हेल्मेट द्यावं. पेपर लावायच्या मजुरीपुढे हा खर्च काहीच नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढी मोठी पोस्ट? ज्याला एवढीशी वाटते त्यानं उद्या पहाटे साडेपाचला निफाड ते ओझर गाडीवर जाऊन यावं. फक्त मफलर बांधून. मग कमेंटमध्ये बोलू.