पराजितांस पदक द्यावें काय?

आमच्या शाळेच्या आंतरवर्गीय बास्केटबॉलच्या सामन्यांत ‘उत्तम खेळाडू’ म्हणून जें रौप्यपदक दिलें जातें, तें विजयी संघांतील मुलासच द्यावयाचें, असा पायंडा कित्येक वर्षें चालत आला आहे. हा नियम कोठें लिहून ठेवलेला नाहीं. तरी तो कोणी मोडीत नाहीं. यंदा बक्षीससमारंभानंतर कांहीं विद्यार्थ्यांनीं या पायंड्याविषयीं कुरकूर केली. उलटपक्षीं कांहीं पालकांनीं असें म्हटलें कीं, हरलेल्या मुलांचें कौतुक होऊं लागलें तर जिंकण्याची ईर्ष्याच उरणार नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हीं ऐकून घेतलें आहे. आमचें मत विद्यार्थ्यांच्या बाजूचें आहे, व तें केवळ दयेपोटीं नव्हे. तें कां, हें दाखविण्यासाठीं अमेरिकेंत १९६९ सालीं झालेल्या एका अटीतटीच्या मालिकेचा वृत्तांत येथें थोड्या विस्तारानें देतों.

हा खेळ आमच्यासारख्या शाळांना परका नाहीं. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें, ख्रिस्ती तरुण संघाच्या अध्यापनशाळेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिंवाळ्यांत घरांत कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीं तो शोधून काढला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या, एवढेंच त्याचें भांडवल! त्याच संघामार्फत तो भारतांत आला. पुढें अमेरिकेंत या खेळाचा मोठा धंदा झाला. धंदेवाईक खेळाविषयीं प्रस्तुत लेखकास फारसें प्रेम नाहीं; परंतु त्यांतील एक चाल मात्र स्तुत्य वाटते. तेथें अजिंक्यपद एका सामन्यावर ठरत नाहीं. दोन संघ एकमेकांशीं जास्तींत जास्त सात सामने खेळतात, कांहीं एकाच्या गांवीं, कांहीं दुसऱ्याच्या. आणि जो प्रथम चार जिंकील तो अजिंक्य. एका दिवसाच्या नशिबास यामुळें बराच आळा बसतो.

बराच, पण पुरता नव्हे. १९६९ सालीं अंतिम मालिकेंत बोस्टनचा सेल्टिक्स संघ व लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ यांची गांठ पडली. बोस्टनचा संघ वयानें थकलेला होता. त्याचा आधारस्तंभ बिल रसेल पस्तीस वर्षांचा असून तो खेळाडू व प्रशिक्षक अशीं दोन्ही कामें एकटा पाहत असे. (१९६६ सालीं तें पद स्वीकारून, या धंदेवाईक मंडळांत मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला कृष्णवर्णी गृहस्थ ठरला होता.) त्या वर्षीं आपल्या विभागांत हा संघ चौथा आला होता. लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर व महाकाय विल्ट चेंबरलेन हे तीन नामांकित खेळाडू होते. मात्र वेस्ट हा बोस्टनकडून अंतिम मालिकेंत यापूर्वीं पांच वेळां हरलेला होता.

पहिल्या सामन्यांत एकट्या वेस्टनें ५३ गुण केले, आणि लेकर्सनीं तो १२० विरुद्ध ११८ असा जिंकला. दुसराही त्यांनींच घेतला. तिसरा बोस्टननें आपल्या गांवीं घेतला. चौथ्यांत अवघे कांहीं क्षण उरले असतां लेकर्स ८८ विरुद्ध ८७ असे पुढें होते. इतक्यांत सॅम जोन्सनें तोल जात असतांनाच चेंडू फेंकला. तो लोखंडी कड्यावर आपटला, घुटमळला, आणि टोपलींत पडला. ८९ विरुद्ध ८८! तो चेंडू चार बोटें बाहेर पडता तर लेकर्सच्या पदरीं तीन विजय व बोस्टनच्या पदरीं एकच, अशी स्थिति झाली असती. पांचवा लेकर्सनीं जिंकला, पण त्याच्या अखेरीस वेस्टच्या मांडीचा स्नायू दुखावला. सहावा बोस्टननें जिंकला. याप्रमाणें सहाही सामने ज्याच्या गांवीं झाले त्यानेंच जिंकले, आणि सातवा तर लॉस एंजेलिसलाच व्हावयाचा होता.

तेव्हां लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनीं क्रीडागृहाच्या छताशीं जाळ्यांत हजारों फुगे बांधून ठेवविले. विजय मिळतांच ते सोडावयाचे, मग विद्यापीठाच्या बँडनें आनंदाचें गाणें वाजवावयाचें, असा कार्यक्रम छापूनही ठेवला होता. तो कागद रसेलच्या हातीं पडला, आणि त्यानें तो आपल्या गड्यांस वाचून दाखविला. (शालान्त परीक्षेच्या निकालाआधींच पेढ्यांची ऑर्डर देऊन येणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.)

दिनांक ५ मे रोजीं तो सामना झाला. अखेरच्या भागांत बोस्टन १७ गुणांनीं पुढें गेला. चेंबरलेनचा गुडघा दुखावून तो बाहेर बसला. पुढें त्यानें परत येण्याची तयारी दाखविली तरी प्रशिक्षकांनीं त्यास पुन्हां आंत घेतलें नाहीं. अशा वेळीं पट्टी बांधलेल्या पायानें वेस्ट आपल्या संघास खेंचीत खेंचीत एका गुणाच्या अंतरावर घेऊन आला. सुमारें एक मिनिट उरलें होतें. बोस्टनच्या एका गड्याच्या हातून निसटलेला चेंडू अचानक डॉन नेल्सनच्या हातीं आला. त्यानें तो घाईनें फेंकला. कड्याच्या मागील बाजूस आपटून तो सरळ वर उडाला, आणि सरळ खालीं टोपलींत उतरला. बोस्टन १०८, लेकर्स १०६. फुगे छताशींच राहिले. रसेलचा तो शेवटचा सामना. तेरा वर्षांत अकरावें अजिंक्यपद घेऊन तो मैदानांतून निघून गेला.

आतां विद्यार्थ्यांनीं कागद पेन्सिल घेऊन थोडी बेरीज करून पाहावी. सातही सामन्यांचे मिळून लेकर्सचे गुण ७४४ झाले, बोस्टनचे ७४१. म्हणजे ज्या संघानें अधिक गुण केले तो हरला! वेस्टनें एकट्यानें २६५ गुण केले, सामन्यास सरासरी ३७.९. शेवटल्या सामन्यांत त्याचे ४२ गुण होते. शिवाय उसळून आलेले १३ चेंडू त्यानें पकडले, आणि १२ वेळां स्वतः न फेंकतां सोबत्यास चेंडू देऊन त्याच्याकडून गुण करविले. मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचें बक्षीस त्याच वर्षीं प्रथम सुरू झालें होतें. तें परीक्षकांनीं पराजित संघांतील वेस्टला दिलें.

हा निर्णय आम्हांस सर्वथैव योग्य वाटतो. विजयाचें बक्षीस विजयी संघास मिळालेंच होतें. अजिंक्यपद बोस्टनचें, त्यांतला एक कणही कोणी काढून घेतला नाहीं. दुसरें बक्षीस उत्तम खेळासाठीं होतें, आणि तो खेळ सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. नेल्सनचा चेंडू कड्यावरून आंत न पडतां बाहेर पडला असता, तर वेस्टच्या हातून झालेलें काम तिळभर तरी वाढलें असतें काय? मग तो आंत पडला म्हणून तें कमी कसें व्हावें?

पालकांचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. हरण्याची संवय लागूं नये, हें खरेंच. परंतु वेस्टला त्या बक्षिसानें समाधान झालें, असें कोणीं समजूं नये. बक्षीस म्हणून त्यास एक मोटारगाडी मिळाली. पण पराभवाचें शल्य त्याच्या मनांतून अखेरपर्यंत गेलें नाहीं. तो पुढेंही खेळत राहिला, आणि १९७२ सालीं एकदांचें अजिंक्यपद त्याच्या संघास मिळालें. मौज अशी कीं त्या मालिकेंत वेस्टची नेमबाजी मुळींच साधली नव्हती, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला चेंबरलेन! उत्तम खेळला तेव्हां हरला, सुमार खेळला तेव्हां जिंकला. ज्या मुलास हें समजलें, त्याची ईर्ष्या मंदावेल असें आम्हांस वाटत नाहीं; निकालावरून स्वतःची किंमत करण्याची खोड मात्र सुटेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हा सांघिक खेळ. एकट्यास उचलून धरल्यानें मुलें स्वार्थी होतील, असें कांहीं शिक्षकबंधूंचें म्हणणें. तें मान्य केलें तर पदकच बंद करावें लागेल, कारण विजयी संघांतील एकट्यास उचलून धरल्यानेंही तोच दोष घडतो. पदक ठेवावयाचें तर तें खेळ पाहूनच दिलें पाहिजे.

अमेरिकेंतही पुढें हा विवेक टिकला नाहीं. २०१५ च्या अंतिम मालिकेंत क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सनें सामन्यास सरासरी ३५.८ गुण केले. त्याचा संघ हरला, आणि अकरा मतांपैकीं सात मतें विजयी संघाच्या आंद्रे इग्वोदालास पडलीं. वेस्टनंतर आजवर पराजित संघांतील एकाही खेळाडूस तें बक्षीस मिळालेलें नाहीं. २००९ पासून त्या बक्षिसास बिल रसेलचें नांव देण्यांत आलें आहे. स्वतः रसेलला मात्र तें कधींच मिळालें नव्हतें.

आमच्या क्रीडासमितीस एक सूचना करावीशी वाटते. पुढील वर्षीं अंतिम सामन्यांत पांच मिनिटें उरलीं असतां तिन्ही परीक्षकांस चिठ्ठ्या द्याव्या, त्यांवर प्रत्येकानें एक नांव लिहावें, आणि मुख्याध्यापकांनीं त्या बंद लिफाफ्यांत ठेवून शिटी वाजल्यावर उघडाव्या. चुरशीच्या सामन्यांत तेवढ्या वेळांत कोण जिंकणार हें ठरलेलें नसतें; कोण कसा खेळला हें बहुतेक ठरलेलें असतें.