आधी तास, मग पगार

घरात राहून मूल सांभाळणाऱ्या नॅनीचा पगार अमेरिकेतल्या भारतीय घरांत सहसा महिन्याच्या ठोक रकमेत ठरतो. राहणे-जेवण आमच्याकडे, रविवारी सुट्टी, महिन्याला अमुक डॉलर, एवढ्यावर बोलणी मिटतात. रकमेवर थोडी घासाघीस होते. ती रक्कम किती तासांच्या कामाची, हे मात्र कोणतीच बाजू विचारत नाही. अन्यायाचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे. तास ठरल्याशिवाय ठरलेला पगार वाजवी की अपुरा, हे सांगताच येत नाही.

कॅलिफोर्नियातले एक काल्पनिक घर घेऊ. पगार महिन्याला २,५०० डॉलर. आईवडील दोघेही नोकरी करणारे. बाळ सकाळी सातला उठते, रात्री नऊला झोपते आणि सोमवार ते शनिवार तेवढा वेळ नॅनीच्या हाती असते. म्हणजे दिवसाला १४ आणि आठवड्याला ८४ तास. २,५०० ला बाराने गुणून बावन्नने भागले की आठवड्याचे ५७७ डॉलर येतात, आणि तासाला पडतात ६ डॉलर ८७ सेंट. संघीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलेले आहे. त्या तळापर्यंतही हा पगार पोचत नाही. कॅलिफोर्नियाचे २०२५ मधले किमान वेतन १६.५० डॉलर होते, आणि मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीला दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या ४५ तासांपुढे दीडपट दर द्यावा लागतो. त्या हिशेबाने ४५ तासांचे ७४२.५० आणि उरलेल्या ३९ तासांचे ९६५.२५, मिळून आठवड्याला १,७०७.७५ डॉलर होतात. महिन्याला सुमारे ७,४००. दिलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट.

दरमहा ७,४०० डॉलर बहुतेक घरांना झेपणार नाहीत. पण म्हणून अडीच हजार योग्य ठरत नाहीत. ज्या घराला ८४ तासांचे पैसे परवडत नाहीत, त्या घराने ८४ तास मागू नयेत. दर खाली खेचण्यापेक्षा तास कमी करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. आठवड्याला ४५ तास आणि तासाला २० डॉलर धरले तर आठवड्याचे ९०० आणि महिन्याचे ३,९०० डॉलर होतात. सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी आईवडिलांपैकी एकाने बाळाकडे पाहायचे, एवढी तडजोड त्यासाठी घराला करावी लागते. वीस डॉलर हा दरही काही उदार नव्हे. कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांचे किमान वेतन राज्यापेक्षा वरचे असते. सनीव्हेलमध्ये ते २०२५ साली १९ डॉलर होते.

तास मोजायचे म्हणजे काय मोजायचे, हा कळीचा प्रश्न आहे आणि बहुतेक भांडणे याच ठिकाणी होतात. बाळ दुपारी दोन तास झोपले तर नॅनीला दोन तास विश्रांती मिळाली, असे पालकांना वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. संघीय नियमांप्रमाणे घरात राहणाऱ्या कामगाराच्या वेळातून झोप, जेवण आणि पूर्ण मोकळा वेळ वगळता येतो; पण मोकळा वेळ म्हणजे सर्व जबाबदारीतून सुटका, तीही इतका वेळ की माणूस घराबाहेर पडू शकेल किंवा स्वतःचे काही करू शकेल. झोपलेले बाळ केव्हाही उठू शकते आणि घरात दुसरे कोणी नसते, तेव्हा ते दोन तास कामाचेच. पाळण्याशेजारी बसून तिने फोनवर मालिका पाहिली तरीही कामाचेच. उपनगरातल्या घरांत तर मोकळ्या वेळालाही अर्थ द्यावा लागतो. बस नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. अशा वेळी संध्याकाळी सहानंतर ती आपल्या खोलीत बसते आणि अर्ध्या तासाने मूल दार वाजवते. दार उघडून तिने त्याला घेतले की घड्याळ पुन्हा सुरू होते. ते सुरू होऊ द्यायचे नसेल तर मुलाला दारापासून दूर ठेवणे हे पालकांचे काम.

रात्रीचा हिशेब याहून नाजूक असतो. आपसातल्या करारानुसार झोपेचे तास वगळता येतात, पण तिला उठावे लागले तर तो वेळ कामात धरायचा, आणि व्यत्ययामुळे पाच तासही झोप मिळाली नाही तर सगळी रात्र कामाची समजायची, असा दंडक आहे. झोप वगळण्यासाठी तिची स्वतंत्र खोलीही अपेक्षित आहे. बाळाच्या खोलीत गादी टाकून झोपणारी बाई विश्रांती घेत नसते, रात्रपाळी करत असते. पहिले काही महिने रात्री दोन-तीनदा बाळाला दूध द्यायचेच असेल तर ते काम वेगळ्या दराने ठरवावे, किंवा रात्र पालकांनी सांभाळावी आणि दिवस नॅनीने. एकाच बाईला दोन्ही देऊन दिवसाचेच पैसे मोजणे ही सर्वांत सर्रास चालणारी लबाडी आहे. ती करणाऱ्यांना बहुधा ती लबाडी वाटतही नाही.

तासांची मर्यादा कुठे घालावी, याचा एक तयार नमुना अमेरिकेच्या सरकारनेच घालून दिला आहे. यजमान कुटुंबात राहून मुले सांभाळायला जे-१ व्हिसावर येणाऱ्या ‘ओ पेअर’ तरुणांना दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार मोकळा आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा बंधनकारक आहे. ही मर्यादा उचलण्याजोगी आहे. त्याच योजनेतला आठवड्याचा १९५.७५ डॉलरचा भत्ता मात्र उचलण्याजोगा नाही: ४५ तासांचे संघीय किमान वेतन काढून त्यातून ४० टक्के राहण्या-जेवणापोटी कापले की तो आकडा येतो. मॅसॅच्युसेट्सचा वेतन कायदा ओ पेअरनाही लागू होतो, असे संघीय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले, त्यामुळे निदान त्या राज्यात हा भत्ता पुरेसा राहिलेला नाही.

घरकामगारांचे कायदे असे तुकड्यातुकड्यांनी येण्याला इतिहास आहे. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टने किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट दर आणला, पण घरकाम आणि शेतमजुरी त्यातून बाहेर राहिली. त्या कामांत तेव्हा कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती, हा योगायोग नव्हता. १९७४ मध्ये घरकामगार कायद्यात आले, तरी घरात राहणाऱ्यांना दीडपट दरापासून वगळले गेले. त्यांना प्रत्येक तासाचे किमान वेतन तेवढे मिळाले. ही सूट संघीय कायद्यात आजही आहे. राज्यांनी ती आपापल्या परीने बुजवली. न्यूयॉर्कने २०१० मध्ये पहिला कायदा केला: घरात राहणारीला ४४ तासांनंतर दीडपट दर, आठवड्याला सलग २४ तास सुट्टी, वर्षभराच्या नोकरीनंतर भरपगारी रजा. मागोमाग कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशी राज्ये आली आणि न्यू जर्सीचा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम आपल्या घराला लागू पडेलच असे नाही, हे यातून ध्यानात घ्यावे.

डिसेंबर २०१३ मध्ये भारताच्या न्यूयॉर्कमधल्या तत्कालीन उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा मराठी घरांतही चर्चा रंगली ती अंगझडतीची आणि राजनैतिक संरक्षणाची. त्या प्रकरणाच्या मुळाशी तासाचा दर होता, याकडे फारसे लक्ष गेले नाही. त्यांच्या घरकामगाराच्या व्हिसासाठी दिलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर लिहिले होते आणि प्रत्यक्षात महिन्याला ३०,००० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ३.३१ डॉलर ठरले होते, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. आरोप खरे की खोटे हा भाग वेगळा. भारतातला महिन्याचा आकडा अमेरिकेतल्या तासांवर बसवला की काय दिसते, ते त्या दोन संख्यांवरून समजते.

राहण्या-जेवणाची किंमत पगारातून वळती करावी का? संघीय कायदा मर्यादित सूट देतो. प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदी नसतील तर राहण्यापोटी आठवड्याला किमान तासदराच्या साडेसातपट, म्हणजे सुमारे ५४ डॉलर, आणि नाश्ता व दोन जेवणे मिळून दिवसाला दीडपट, म्हणजे सुमारे ११ डॉलर धरता येतात. राज्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी लेखी संमती लागते. या आकड्यांवरून एवढे उघड होते की ‘खोलीचे भाडेच इथे हजार डॉलर पडले असते’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. तो न्यायालाही धरून नाही. नॅनी घरात राहते ती मुख्यतः घराच्या सोयीसाठी. सकाळी सातला दार उघडायला कोणी तरी हवे असते, पालकांना उशीर झाला तर बाळ एकटे राहू नये असे वाटते. सोय घ्यायची आणि तिचे भाडेही घ्यायचे, हे बरोबर नाही.

कामाचे स्वरूपही तासांइतकेच स्पष्ट हवे. मराठी घरांत मूल सांभाळण्यासोबत पोळ्या, भाजी निवडणे, संध्याकाळचा स्वयंपाक अशी कामे न बोलता चिकटतात. बाळासाठी खिमट शिजवणे हे बाळाचेच काम. सहा माणसांच्या पोळ्या लाटणे हे नव्हे. कॅलिफोर्नियात अशी इतर कामे आठवड्याच्या वेळाच्या वीस टक्क्यांपलीकडे गेली तर ती बाई केवळ मूल सांभाळणारी धरली जात नाही आणि जादा कामाचे अधिक कडक नियम लागू होतात. गणपतीत किंवा भारतातून पाहुणे आल्यावर तर हा वाटा फुगतोच. त्या दिवसांचे वेगळे पैसे आधी ठरवावेत, नाही तर पाहुण्यांना आग्रहाने वाढल्या जाणाऱ्या जेवणाचा खर्च तिच्या झोपेतून वसूल होतो.

या सगळ्यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की ती आमच्या घरातलीच आहे, तिच्याशी घड्याळ लावून कसे वागायचे? जिव्हाळा खरा असू शकतो. पण घरातल्या माणसाला ‘आज मी उठणार नाही’ असे म्हणता येते, नॅनीला येत नाही. जिव्हाळ्याने तिला साडी मिळते, आजारपणात काळजी मिळते. तास मोजल्याने यातले काही थांबत नाही. हिशेबाची मागणी अमेरिकेत येऊन सुचलेलीही नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि रजा हेच विषय तेव्हाही होते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या करारात लेखी अटी, आठवड्याला २४ तास विश्रांती आणि सुट्टीच्या वेळी घराबाहेर जाण्याचे स्वातंत्र्य नमूद आहे. भारत आणि अमेरिका या दोघांनीही त्याला मान्यता दिलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिलाच रोख आणि ठोक रक्कम हवी असते. हे बरेचदा खरे असते, आणि त्यामागे कराची भीती किंवा कागदपत्रांची अडचण असते. परंतु किमान वेतन आणि तासांचा कायदा स्थलांतराचा दर्जा पाहत नाही. कागद नसलेल्या कामगारालाही तो लागू होतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या मावशींना पगारी कामावर ठेवणे मुळातच बेकायदा आहे आणि त्यात त्यांना तक्रारीची वाटही जवळपास बंद होते, म्हणून तो मार्ग स्वस्त वाटला तरी घेऊ नये. कायदेशीर कामगाराला वर्षभरात ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये ती २,८०० डॉलर होती) किंवा अधिक रोख पगार दिला की मालकाने सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के भरायचे आणि तेवढेच तिच्या पगारातून कापून भरायचे. वरच्या ९०० डॉलरच्या आठवड्यावर मालकाचा वाटा ६८.८५ डॉलर येतो. तिच्या म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा पाया तोच. पालकांनाही मूल सांभाळण्याच्या खर्चावरची करसवलत या नोंदींशिवाय मागता येत नाही. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांना ॲटर्नी जनरलपदाच्या उमेदवारीतून माघार घ्यावी लागली, त्यामागे कागदपत्रे नसलेली नॅनी ठेवणे आणि हाच न भरलेला कर होता.

आता कराराविषयी. तो दोन पानांचा असला तरी चालतो, पण तिला वाचता येईल अशा भाषेत हवा. कामाचे दिवस, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, तासाचा दर, जादा दर, रात्रीचे नियम, सुट्ट्या, आजारपणाची रजा आणि पगाराचा वार त्यात लिहावा. करार केला म्हणून नोंद टळत नाही: जानेवारी २०१५ पासून घरात राहणाऱ्या कामगाराच्या प्रत्यक्ष तासांची नोंद ठेवणे संघीय नियमांनी बंधनकारक केले आहे. स्वयंपाकघरात टांगलेल्या वहीत रोज दोघांनी सही केली तरी पुरते. कुटुंब भारतात सुट्टीवर जाणार असेल आणि तिला घरी थांबायला सांगितले असेल तर त्या आठवड्यांचा पगार मिळणार की नाही, हेही आधीच ठरावे. विमानाची तिकिटे काढून झाल्यावर ही बोलणी नीट होत नाहीत. तिचा पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा म्हणून’ मालकाने आपल्या कपाटात ठेवू नये. हेतू चांगला असला तरी ती जबरदस्तीची खूण मानली जाते.

काम सुटले की घरही सुटते, हा घरात राहणाऱ्या नोकरीचा सर्वांत मोठा धोका. बाळ शाळेत जाऊ लागते, आजी-आजोबा ग्रीन कार्ड घेऊन येतात, नोकरीमुळे कुटुंब टेक्सासला जाते, आणि चार दिवसांत नॅनीने खोली रिकामी करावी अशी अपेक्षा होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तिचा दोष नसताना कामावरून काढले तर लेखी सूचना आणि ३० दिवस राहण्याची सोय, किंवा दोन आठवड्यांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. ज्या राज्यांत असा कायदा नाही तिथेही महिनाभराची सूचना करारात घालायला कोणाची हरकत नसावी. शेवटच्या पगाराचा दिवसही लिहून ठेवावा; कॅलिफोर्नियात मालकाने काढून टाकले तर शिल्लक रक्कम त्याच दिवशी हातात द्यावी लागते.